सूड नव्हे, पंचनामा

परवा सकाळी शेजारच्या काकांचा फोन. "अरे, तू पेपरात लिहितोस ना? मग लिही, माकडं आता माणसांवर सूड उगवायला लागली म्हणून!"

त्यांचे कोवळे नारळ, पपया, परसातली भाजी, सगळं नासवलं होतं. राग खराच. पण 'सूड' ऐकून मी वरमलो. हा शब्द मी एकदा मथळ्यात वापरलाय.

डिसेंबर २०२१. बीड जिल्ह्यातलं लवूळ. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेतात अशी बातमी आली. मग म्हणे, कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा अडीचशेवर गेला, बातमी परदेशात पोचली. वनखात्याने दोन वानरं पकडून नेली. इथे गणपतीपुळ्यात बसून मीही ती बातमी रंगवली. लवूळला एक फोनसुद्धा केला नाही. नंतर काही पत्रकार गावात गेले, तेव्हा आकडा फुगवलेला निघाला. उंचावर अडकलेली पिल्लं उपासमारीने किंवा पडून मेली असावीत, असं जाणकार म्हणाले. सूडाला पुरावा नव्हता.

हिचकॉकच्या १९६३च्या 'द बर्ड्स'मध्ये पक्षी का चवताळले, हे शेवटपर्यंत कळत नाही. भयकथेत ते चालतं. तरी 'जॉज'चा लेखक पीटर बेंचली पुढे शार्क वाचवण्यासाठीच झटला, कारण लोकांनी त्याची कथा खरी धरली होती.

बातमीला मात्र कारण शोधावंच लागतं. आमच्याकडे कित्येक घरांना कुलूप, माणसं मुंबईला. आवारात रान माजलंय, राखणीला कोणी नाही. त्यात उघड्यावर टाकलेलं उष्टं, आणि गाडीची काच खाली करून वेफर्स देणारे पाहुणे. माकडाच्या लेखी हा सूड नाही, जेवण आहे.

एकदा 'सूड' म्हटलं की सगळा दोष माकडाचा. मग पंचनामा कोण मागणार, भरपाईचं कोण विचारणार?

काकांना म्हटलं, "सूड नाही लिहीत. किती नारळ गेले ते मोजून सांगा, अर्ज मी लिहितो."

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "मोजायला बागेत उतरायला हवं रे. गुडघे कुठे साथ देतात आता?"

उद्या सकाळी वही घेऊन मीच जातोय. लवूळला जायचं राहिलं, निदान शेजारी तरी जाऊ.

तुमच्या वाडीत काय गेलंय? मोजून कळवा.