ओटवेच्या पावसातली लांब दौड

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या नैर्ऋत्येला, ओटवे नावाची डोंगररांग समुद्राला खेटून उभी आहे. दक्षिण महासागरावरून येणारे वारे मोकळ्या पाण्यावरून हजारो किलोमीटर ओलावा वाहून आणतात आणि तो या रांगेवर ओततात. रांगेच्या माथ्यावर बीच फॉरेस्ट नावाचे छोटे खेडे आहे. मेलबर्नला वर्षाकाठी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बीच फॉरेस्टच्या शेजारचे वीआप्रोयना हे ठिकाण मात्र व्हिक्टोरियातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडते आणि तिथला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. महाबळेश्वरच्या मानाने हा आकडा निम्म्याहूनही कमी भरतो. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, ओटवेचा पाऊस बाराही महिने रेंगाळतो. जून ते ऑगस्ट हे तिथले थंडीचे महिने आणि त्यांतच त्याचा जोर अधिक असतो. त्यामुळे पाऊस आणि गारठा एकाच वेळी अंगावर येतात. याच डोंगरात, याच हवेत, क्लिफ यंग या बटाट्याच्या शेतकऱ्याने उतारवयात लांब पल्ल्याच्या दौडीचा सराव केला आणि एकसष्टाव्या वर्षी सिडनी ते मेलबर्न ही शर्यत जिंकली.

ओटवेचे रान थक्क करणारे आहे. डोंगरउतारांवर ‘माउंटन अ‍ॅश’ जातीचे निलगिरी वृक्ष सरळसोट वर जातात. फुले येणाऱ्या वनस्पतींत जगातल्या सर्वांत उंच जातींपैकी ही एक. त्यांच्या खोडांवरून सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबत राहतात आणि वारा आला की खोडावर आपटत राहतात. त्यांच्या सावलीत माणसाच्या डोक्यावर छत्री धरावी तसे वृक्षनेचे वाढतात. ओढ्यांच्या काठाने ‘मर्टल बीच’ची काळपट हिरवी झाडे आहेत. ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका आणि भारतीय द्वीपकल्प हे सारे गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, त्या काळाशी या झाडांच्या कुळाचे नाते पोचते. जमिनीवर शेवाळ, कुजलेली पाने आणि जळवा. मांसभक्षक काळी गोगलगाय फक्त याच रांगेत आढळते. सकाळी उशिरापर्यंत धुके दरीतून हलत नाही. कुकाबुरा पक्ष्याचे खदखदून हसल्यासारखे ओरडणे आधी कानावर येते, पक्षी नंतर दिसतो, पुष्कळदा दिसतही नाही. गडुबानुड या आदिवासी लोकांचा हा मुलूख. युरोपीय वसाहतदार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे जमिनी घेऊन आले. त्यांनी प्रचंड झाडे तोडून आणि जाळून शेते काढली, पण पाऊस, चिखल आणि घसरणारे उतार यांनी त्यांतल्या अनेकांना टिकू दिले नाही. सोडून दिलेल्या शेतांवर रान परत चढले. जी टिकली, त्या शेतांत गाई आणि बटाटा राहिला.

या वस्तीला जगाशी जोडणारी वाट म्हणजे कोलॅक गावाहून येणारी अरुंद रुळांची आगगाडी. १९०२ साली ती बीच फॉरेस्टला पोचली आणि पुढे १९११ मध्ये क्रोजपर्यंत गेली. लाकूड आणि बटाट्याची पोती याच गाडीने खाली जात. १९६२ मध्ये ती कायमची बंद झाली. तिचा मार्ग डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत, चढ शक्य तेवढा सौम्य ठेवत आखलेला होता. जवळपास धावायचे तर गाडीरस्त्यांचे तीव्र चढ, लाकूड वाहून नेण्याचे चिखलाचे मार्ग, शेतांच्या कडा किंवा ही जुनी रेल्वेवाट, एवढेच पर्याय होते. सपाट मैदान जवळपास नव्हतेच.

क्लिफ यंग यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९२२ चा. सात भावंडांतले ते तिसरे आणि मुलग्यांत थोरले. बालपणापासून शेत आणि गुरे हेच जग. घरी घोडे किंवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नसल्याने वादळाचा रंग दिसला की दोन हजार एकरांत पांगलेल्या दोन हजार मेंढ्या आपण पायी वळून आणत असू आणि कधीकधी त्याला दोन-तीन दिवस लागत, असे ते पुढे सांगत. साठी उलटेपर्यंत ते अविवाहित होते आणि आईबरोबर शेतावर राहत होते. १९७३ पासून ते शाकाहारी होते. सार्वजनिक शर्यतींत ते उतरले पन्नाशी उलटल्यावर, म्हणजे ज्या वयात बहुतेक धावपटूंनी बूट कधीच खुंटीला टांगलेले असतात.

त्यांच्या सरावाचा कणा होती रोजची, संथ आणि लांब दौड. शेतकामाचे गमबूट पायांत असतानाच ते धावायला लागत. गमबूट जड, टाचेशी सैल आणि घोट्याला आधार न देणारे. ते घालून गुडघे उंच उचलून लांब ढांगा टाकता येत नाहीत. पाय जमिनीलगत ठेवून छोटी पावले पटापट टाकावी लागतात. घसरड्या चिखलाचीही तीच मागणी असते. लांब ढांग टाकली की पाऊल शरीराच्या पुढे पडते आणि सरकते. पाऊल शरीराच्या खाली पडले, तर तोल राहतो. ओटवेच्या वाटांवर वर्षानुवर्षे अशी चाल पडत गेली. हात जवळजवळ हलत नाहीत, खांदे सैल, पावले जमिनीशी घासत जाणारी. पुढे ती ‘यंग शफल’ म्हणून ओळखली गेली आणि अतिदीर्घ अंतराच्या अनेक धावपटूंनी ती मुद्दाम उचलली. या चालीत शरीर वरखाली फार होत नाही, म्हणून प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा आघात आणि खर्च होणारी शक्ती दोन्ही कमी राहतात. शेकडो किलोमीटरांत ही बचत साठत जाते.

अशा सरावाची लय मिनिटांत किंवा टप्प्यांत मोजता येत नाही. माथ्यावरच्या रस्त्यावर धुक्यात पुढचे वळण दिसत नाही, म्हणून पुढच्या चढाची धास्तीही उरत नाही. पावसात कपडे एकदा पूर्ण भिजले की आणखी भिजण्याची चिंता संपते. उरते ते पावलांचा आवाज ऐकत पुढे जात राहणे. चढावर श्वास वाढू लागला तर वेग आपोआप कमी करावा लागतो, आणि उतारावर तोल सांभाळताना मांड्यांचे स्नायू ताणाखाली काम करायला शिकतात. लांब शर्यतीत पाय आधी निकामी होतात ते बहुधा याच ताणाने. डोंगरात नेमाने उतरणाऱ्याच्या मांड्या त्याला सरावलेल्या असतात. एकटेपणाही या सरावाचा भाग असतो. तासन् तास कोणी भेटत नाही, कोणी वेळ सांगत नाही, आणि थांबावे की पुढे जावे हे स्वतःच ठरवायचे असते. शर्यतीतल्या रात्रींसाठी यापेक्षा चांगली तयारी नसते.

व्हिक्टोरियातच पन्नाशीतल्या धावण्याचे दुसरे, अगदी वेगळ्या घडणीचे उदाहरण आहे. पुढे धावण्याचे प्रशिक्षक झालेले पर्सी सेरुटी यांची प्रकृती १९३९ मध्ये, चाळिशीच्या पूर्वार्धात, पार ढासळली होती. चालणे, पोहणे, साधा आहार आणि धावणे यांच्या बळावर ते पुन्हा उभे राहिले आणि पन्नाशीत मॅरेथॉन धावले. पुढे पोर्टसीच्या समुद्रकाठी त्यांनी शिबिर उभारले आणि शिष्यांना वाळूच्या टेकड्यांवर दमछाक होईपर्यंत पळवले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक विश्वविक्रमासह जिंकणारे हर्ब एलियट त्यांचेच शिष्य. पोर्टसीची उघडी वाळू आणि खारा वारा यांनी जोराचे, उसळून जाणारे धावणे घडवले. ओटवेच्या ओल्या डोंगराने टिकून राहणारे धावणे घडवले. धावणाऱ्याला त्याची जमीन घडवते, हे दोन्हीकडे सारखेच खरे ठरले.

उतारवयात ओटवेची ही टिकून राहण्याची रीत अधिक जुळते, याला शरीरशास्त्रीय कारणे आहेत. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घट सावकाश होते. वयाबरोबर झडतात ते मुख्यतः झटक्याचे, वेगाचे स्नायुतंतू. सावकाश आणि दीर्घकाळ काम करणारे तंतू तुलनेने शाबूत राहतात. संथ वेगाला शरीर चरबीतून ऊर्जा घेऊ शकते आणि चरबीचा साठा सडपातळ माणसाकडेही शेकडो किलोमीटर पुरेल इतका असतो. स्नायूंतली साखर मात्र दोन-तीन तासांच्या जोरकस धावण्यात सरते. म्हणून शंभर मीटरांत साठीचा माणूस विशीतल्यापुढे उभा राहू शकत नाही, पण पाच दिवसांच्या शर्यतीत दोघांतले अंतर पुष्कळ कमी होते. वय वाढले की झीज भरून यायला मात्र जास्त वेळ लागतो. जोराचे दिवस थोडे आणि सौम्य दिवस पुष्कळ ठेवणे भाग पडते. स्नायूंपेक्षा कंडरा आणि सांधे सावकाश बळावतात, म्हणून वयस्क धावणारा महिन्यांच्या हिशेबाने घडत नाही, वर्षांच्या हिशेबाने घडतो. यंग यांच्या पायांमागे तर जन्मभराचे शेतकाम होते.

पहिली मोठी परीक्षा १९८२ च्या अखेरीस झाली. ओटवेत महिनोन्महिने सराव करून यंग कोलॅकच्या मेमोरियल स्क्वेअरमध्ये हजार मैलांचा विश्वविक्रम मोडण्यासाठी धावू लागले. निम्मे अंतर ओलांडल्यावर, ८०५ किलोमीटरवर, त्यांना थांबावे लागले. आपला आणि आपल्या साथीदारांचा अनुभव तोकडा पडला, तयारीही कमी होती, असे त्यांनी नंतर सांगितले. एका मर्यादित जागेत फेऱ्या घालत आठशे किलोमीटर धावलेले शरीर मात्र पुढच्या शर्यतीसाठी तयार झाले होते.

१९८३ चे वर्ष व्हिक्टोरियात आगीसाठी ओळखले जाते. १६ फेब्रुवारीच्या ‘अ‍ॅश वेन्झडे’च्या वणव्यात ओटवेच्या पूर्व अंगाची किनाऱ्यालगतची वस्ती आणि रान जळाले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, एप्रिलच्या अखेरीस, सिडनीच्या पॅरामॅटा उपनगरातून मेलबर्नच्या डाँकास्टरपर्यंत ८७५ किलोमीटरची शर्यत सुरू झाली. अकरा जण उतरले होते आणि बहुतेक यंग यांच्यापेक्षा तरुण होते. पहिल्या दिवशी ते बरेच मागे पडले. शर्यतीत दिवसभर धावून रात्री काही तास झोपायचे, असा प्रघात होता. यंग यांना पहिल्या रात्री ठरल्यापेक्षा खूप आधी उठवले गेले आणि अंधारातच त्यांची संथ चाल पुन्हा सुरू झाली. इतर झोपेत असताना ते पुढे निघून गेले. मग उरलेल्या रात्रीही त्यांनी झोप अगदी थोडी घेतली. सिडनी-मेलबर्नला जोडणाऱ्या ह्यूम महामार्गावरची शरदातली थंडी, पठारावरचा वारा, मालमोटारींचे झोत आणि रात्रीचा एकांत ओटवेच्या माणसाला परका नव्हता. ५ दिवस, १५ तास आणि ४ मिनिटांनी ते पोचले. सिडनी-मेलबर्नचा आधीचा विक्रम जवळजवळ दोन दिवसांनी मोडला होता. शर्यत पुरी करणाऱ्या सहाही जणांनी तो जुना विक्रम मोडला, हेही नोंदवण्याजोगे आहे. दहा हजार डॉलरचे बक्षीस यंग यांनी स्वतःकडे ठेवले नाही. बाकीच्या पाच जणांचे कष्ट आपल्याइतकेच होते, असे म्हणून त्यांनी ते त्यांच्यात वाटून टाकले. १९८४ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चे पदक मिळाले.

या यशानंतर डोंगरापायथ्याच्या कोलॅकला लांब दौडीच्या जगात स्थान मिळाले. १९८४ पासून तिथे सहा दिवसांची शर्यत भरू लागली आणि तिला यंग यांचे नाव मिळाले. ग्रीसचे यियानिस कूरोस यांनी त्याच वर्षी तिथे सहा दिवसांत १,०२३ किलोमीटर पार केले. एकवीस वर्षांनी, २००५ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी ते त्याच गावात परत आले आणि १,०३६ किलोमीटर धावून स्वतःच्याच तारुण्यातल्या आकड्यापुढे गेले. वाढत्या वयाबरोबर अंतराची जाण पक्की होत जाते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. यंग स्वतःही थांबले नाहीत. १९९७ मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर, बेघर मुलांसाठी निधी उभारायला ते साऱ्या ऑस्ट्रेलियाला फेरी घालायला निघाले. सोबतचा एकमेव साथीदार आजारी पडल्याने ६,५२० किलोमीटरवर ती फेरी थांबली. २००० मध्ये सहा दिवसांच्या शर्यतीत त्यांनी वयोगटाचा विश्वविक्रम केला. २ नोव्हेंबर २००३ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ओटवेतला बराच भाग २००५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. जुन्या आगगाडीच्या मार्गावर कोलॅक ते बीच फॉरेस्ट अशी ‘ओल्ड बीची’ नावाची सुमारे ४५ किलोमीटरची पायवाट झाली असून ती चालणाऱ्या, सायकलवाल्या आणि धावणाऱ्या सर्वांना खुली आहे. बीच फॉरेस्टमध्ये यंग यांच्या स्मरणार्थ गमबुटाचे शिल्प आहे आणि रस्त्यालाही त्यांचे नाव आहे. खाली किनाऱ्यावर, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ दरम्यान बांधलेल्या ग्रेट ओशन रोडवर, लॉर्न ते अपोलो बे अशी ४४ किलोमीटरची मॅरेथॉन दरवर्षी भरते आणि तिच्यात पांढऱ्या केसांचे धावणारे नेहमीच दिसतात. त्यांच्यासाठी या डोंगराने घालून दिलेली रीत साधी आहे: वेगाची हाव धरू नये, चढाचा मान राखावा, पाऊस आला म्हणून नेम मोडू नये, पावले जमिनीजवळ ठेवावीत आणि शरीराला घडायला वर्षे द्यावीत. यांतली एकही गोष्ट तारुण्य मागत नाही.