हळू बोला ना, बाबा

माझे बाबा मोठ्याने बोलतात. डोंबिवलीला ते फोनवर बोलायला लागले की शेजारच्या काकू विचारायच्या, "यांना फोन लागतो कशाला?" सगळे हसायचे. मला लाज वाटायची. लोकलमध्ये त्यांनी काही विचारलं की मी खिडकीबाहेर बघत पुटपुटून उत्तर द्यायचे.

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा माझ्याकडे मँचेस्टरला आले. एका पावसाळी रविवारी त्यांना सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम दाखवायला नेलं. ते आहे १८३० साली सुरू झालेल्या रेल्वे स्टेशनच्या जागेत. मी हे सांगितलं तसे बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या ठाण्याच्या गाडीच्या तेवीस वर्षं आधी!" दोन माणसांनी वळून बघितलं. मी सवयीने म्हटलं, "हळू बोला ना, बाबा."

हे शहर कापसावर उभं राहिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस यायचा थांबला, तेव्हा मुंबई बंदरातून आपला कापूस इकडे आला. पुढे इथून जवळच्या ओल्डहॅममध्ये बनलेली यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत गेली. हे मी वाचून आले होते आणि बाबांना समजावून सांगत होते. बाबांचं लक्ष मागाकडे होतं.

तिथल्या एका बाईंनी माग चालू केला. धोटा इकडून तिकडे आपटायला लागला. मुलांनी कानांवर हात ठेवले, मीही ठेवले. बाबा तसेच उभे होते. मध्येच त्यांनी बोट दाखवलं. धागा तुटला होता. बाईंनी माग थांबवला आणि हसून त्यांना अंगठा दाखवला.

मग त्या सांगायला लागल्या. इथल्या विणकर बायकांना या आवाजात एकमेकींचं ऐकू यायचं नाही, म्हणून त्या ओठ मोठे हलवून बोलायच्या. त्या बोलण्याला 'मी-मॉ' म्हणत. अनेकींचे कान कायमचे गेले.

मी मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "मग? साचेखात्यात आम्ही तसंच बोलायचो. असे शेकडो माग एकदम चालायचे."

परळच्या गिरणीत ते बदली कामगार म्हणून लागले होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तेही होते. पुन्हा आत घेतलं नाही. मग डोंबिवलीहून रोज भिवंडीला, यंत्रमागावर, पंचवीस वर्षं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. कॉलेजात मी संपावर निबंधही लिहिला होता. त्यात संपाची कारणं होती, गिरण्यांच्या जमिनी होत्या, मॉल होते. बाबांचे कान नव्हते.

बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. मला वाटायचं, ही त्यांची खोड आहे. खिडकीकडे तोंड करून दिलेली माझी उत्तरं त्यांना कधीच कळली नसणार. तरी प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली होती.

ते डोंबिवलीला परतल्यावर दादाने कानांची तपासणी करून आणली. मशीन मिळालं. ते घालत नाहीत, टोचतं म्हणतात. अजूनही फोन लागला की पहिलं वाक्य तेच, "व्हिडिओ लाव." पूर्वी मी म्हणायचे, "बाबा, घाईत आहे, असंच बोला."

आता व्हिडिओ लावते. दिव्याखाली बसते, फोन तोंडासमोर धरते आणि सावकाश बोलते.