स्विच बंद करून एक फेरी

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी नवी सायकल घेतली म्हटले की लोक आधी हसतात. ती बॅटरीची आहे म्हटले की हसू थांबते आणि प्रश्न येतो, "सर, केवढ्याला पडली?" लगेच दुसरा, "एका चार्जिंगमध्ये किती पळते?" वर्षभर वापरल्यावर मला वाटते, मंडळी, की हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न वेगळाच आहे. तो सांगायलाच आज बसलो.

1975 साली नोकरी लागली तेव्हापासून मी सायकलवाला. तेव्हा साध्या सायकलीलाही नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकाची हवा सोडायचे. आता गंमत पाहा, मोटर असलेल्या सायकलीला ना लायसन लागते ना नंबरप्लेट. मोटर 250 वॅटपेक्षा मोठी नको आणि ताशी 25 किलोमीटरच्या पुढे तिची मदत बंद व्हायला हवी, या मुख्य अटी.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी असहकार पुकारला. सपाट रस्त्यावर चालायचे, चढ आला की उतरावे लागायचे. धाकटा पुण्याहून म्हणाला, "अण्णा, आता रिक्षाच करत जा. पैसे मी पाठवतो." त्याची काळजी खरी होती. आमच्या जालन्यात सळयांनी भरलेले ट्रक रात्रंदिवस फिरतात. पण रिक्षा म्हटली की कुठे, कशाला, कधी परत, हे आधी कुणाला तरी सांगणे आले. मग माणूस म्हणतो, जाऊ द्या, आज नको. अशी एकेक फेरी गळत जाते आणि म्हाताऱ्या माणसाचे जग घराच्या ओट्यापर्यंत येऊन थांबते.

माझी थोरली बहीण आठ किलोमीटरवरच्या खेड्यात असते. आक्काने ऐंशी ओलांडली, अंथरुणाला खिळली आहे. घरची माणसे दिवसभर मोसंबीच्या बागेत. दर गुरुवारी मी जातो, तासभर आमच्या आईच्या वेळच्या गोष्टी निघतात. त्या गोष्टी माहीत असलेली आम्ही दोघेच आता उरलो आहोत. ही फेरी मला गमवायची नव्हती.

म्हणून दुकाने हिंडलो. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी बॅटरीची छोटी स्कूटर घेतली होती. गाडी छान, पण एकदा वाटेत बॅटरी संपली आणि ते भर उन्हात ती ढकलत घरी आले. तेव्हाच माझा प्रश्न ठरला. बॅटरी संपल्यावर काय?

दुकानात गेलो की म्हणायचो, "स्विच बंद करा, मी एक फेरी मारून येतो." दुकानदार बुचकळ्यात पडायचा. जाड टायरची एक देखणी सायकल मला बंद स्विचवर पन्नास पावलेही रेटवेना. जी घेतली ती साधारण बावीस किलोची. जड चालते, पण चालते.

बाकीच्या गोष्टी मग पाहिल्या. मधला दांडा खाली असलेली, लेडीज सायकलसारखी चौकट, कारण पाय उंच टाकता येत नाही. ब्रेक दाबताच मोटर बंद होणारी. बॅटरी काढून घरात नेता येणारी. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो आणि उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. सायकलीचा सर्वांत महाग भाग तोच. बऱ्याच स्वस्त सायकलींतला सेन्सर फक्त पायडल फिरते आहे एवढेच पाहतो, त्यामुळे सुरुवातीला हिसका बसतो. काही महाग सायकलींत पायाचा जोरही मोजला जातो. चालवून पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही.

किती पळते याचा हिशोब मला विज्ञानाच्या एका सहकाऱ्याने शिकवला. मी आपला मराठी-इतिहासाचा मास्तर! 36 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर-तास म्हणजे 360 वॅट-तास. किलोमीटरला दहा ते पंधरा खर्च धरा, म्हणजे 24 ते 36 किलोमीटर. पाटीवरचा आकडा याहून मोठा असेल तर तो हलक्या माणसाचा आणि सपाट रस्त्याचा समजावा. पूर्ण चार्जिंगला अर्धे युनिटही लागत नाही. आक्काकडे जाऊन-येऊन सोळा किलोमीटर होतात आणि घरी येईपर्यंत बॅटरी निम्मी तरी शिल्लक असते.

मदतीच्या तीन पायऱ्या आहेत. मी बहुधा पहिलीवर असतो. समोरून वारा असला किंवा चढ आला की तिसरी. पायडल मारायचे थांबलो की मोटरही थांबते. हे मला फार आवडते. हवी तेव्हा, हवी तेवढीच मदत, आणि हँडल आपल्याच हातात. धाकट्याला हे समजावले तेव्हा तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, हेल्मेट मी पाठवतो." पाठवलेही. आता निघताना त्याला फक्त एक मेसेज करतो, "निघालो." पोचल्यावर दुसरा.

असो. माझ्या वयाच्या कुणाला अशी सायकल घ्यायची असेल तर किंमत जरूर विचारा, घासाघीसही करा. पण त्याआधी स्विच बंद करून एक फेरी मारा.