बिनचाकाची गाडी

जुन्या माळवदाची माती उतरवताना पत्र्याच्या पेटीत ते पुस्तक निघालं. प्रगती प्रकाशन, मॉस्को. पण छापलेलं मराठीत. मी चौथीत असताना गुरुजींनी बीडच्या प्रदर्शनातून आणलेलं. पुढं सातवीत शाळेनं रद्दी काढली, तेव्हा मी ते मागून घेतलं. कव्हर उंदरांनी खाल्लंय, चित्रं मात्र शाबूत.

तशी मोठी गोष्ट त्यात नाहीच. एका आवारातली पाच-सहा पोरं. शिसपेन्सिलीवरून भांडतात, भाकरतुकडा वाटून खातात, बर्फावर बिनचाकाच्या गाडीतून एकमेकांना ओढतात. त्यातलं एक पोरगं तापानं पडतं. बर्फ आम्ही कुठला बघितलेला! मी म्हणायचो, कापूस सांडलाय. माझ्या शेजारी बसायचा तांड्यावरचा दोस्त. तो म्हणायचा, "मीठ हाय ते. आन् चाकं मुकादमानं काढून नेली आसतील."

गुरुजी शनिवारी दोनच पानं दाखवायचे, मग पुस्तक कपाटात. दसरा झाला की त्याच्या आईबापाची गाडी निघायची. १९५०च्या सुमाराला प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग एकामागून एक झाले. आमच्या बालाघाटातली माणसं उचल घेऊन तिकडं जाऊ लागली. आईबाप फडात, पोरगं कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळायला, नाहीतर वाढं बांधायला. पाडव्याला परतायचा तेव्हा हातावर पाचटाचे चरे, आणि निम्मी अक्षरं विसरलेली. पाचवीनंतर त्याचं नाव हजेरीतून गेलं. मी दहावीपर्यंत गेलो. त्यात माझी हुशारी कमी आणि आमच्या वावरातल्या विहिरीचं पाणी जास्त.

पुस्तक घेऊन तांड्यावर गेलो. कंबर गेल्यापासून त्यानं कोयता ठेवलाय. पोरगा-सून कारखान्यावर, नातू हंगामी वसतिगृहात. तो एकटाच बाजेवर.

"वळखलं का?"

"मीठ की रं हे!" म्हणला, आणि खोकला लागेस्तोवर हसला.

एकेक पान बोटानं उलटत गेला. तापाच्या पानावर थांबला.

"हितून फुडं मी नव्हतो बग. आमची गाडी निघाली हुती."

पन्नास वर्षं उलटून गेलेली, आणि गड्यानं पान बरोबर सांगितलं.

"वाच की मग. त्या पोराचा ताप उतरला का न्हाई?"

मी चष्मा पुसला.