माहेरचे नाव

माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवणे हे काम दिसावयास सोपे आहे, आणि पुरुषांच्या बाबतीत ते खरोखरच सोपे असते. मुलगा ज्या नावाने महाविद्यालयात दाखल होतो त्याच नावाने पदवी घेतो, त्याच नावाने नोकरीत चढतो आणि त्याच नावाने एके दिवशी निवृत्त होतो. त्याचा शोध घ्यावयाचा तर एक नाव हाती असले म्हणजे पुरते. स्त्रियांच्या महाविद्यालयाची गोष्ट निराळी. दाखल्यावरचे नाव पदवीनंतर दोन-चार वर्षांत मागे पडते. आडनाव तर जातेच, पण पुष्कळ घरांतून पहिले नावही ताटातल्या तांदळांवर नवे लिहिले जाते. त्यात यजमान सरकारी नोकरीत असले म्हणजे विचारावयासच नको. नावापाठोपाठ गाव बदलते, आणि मग दर तीन वर्षांनी बदलतच राहते.

आमच्या महाविद्यालयाची अशी एक वही गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. महाराष्ट्राबाहेर गेलेल्यांचा शोध महाराष्ट्राबाहेर राहणारीनेच घ्यावा, असे माजी विद्यार्थिनी संघाच्या एका सभेत ठरले आणि वही आमच्या पदरात पडली. तिच्यात पाच रकाने आहेत: पदवीचे वर्ष, माहेरचे नाव, सासरचे नाव, विषय आणि पत्ता. पहिले चार रकाने शाईने भरलेले आहेत, पाचवा पेन्सिलीने. काही पत्ते इतक्या वेळा खोडले गेले आहेत की तेथे कागद झिजून पलीकडचे अक्षर दिसू लागले आहे. जोधपूर, मग डेहराडून, मग कटक, मग शिलाँग. भारताचा नकाशा शिकावयाचा असेल तर एखाद्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या रकान्यावरून बोट फिरवावे.

आता लग्नानंतर नाव न बदलणाऱ्या मुली पुष्कळ झाल्या आहेत, आणि बदलीचा हुकूम यजमानांच्या नव्हे तर त्यांच्या स्वतःच्याच नावाने निघतो अशाही कमी नाहीत. दूरध्वनीवरून एका क्षणात दोनशे जणींस निरोप धाडता येतो हेही खरे. परंतु ज्यांचा क्रमांकच कोणाजवळ नाही त्यांस तो निरोप पोहोचत नाही, आणि आमच्या वहीपुढे प्रश्न आहे तो नेमका त्यांचाच.

वर्षातून एकदा संघाचे वार्तापत्र निघते. त्यासाठी आम्ही सर्वांस पत्र घालतो: आपली खुशाली व विशेष वृत्त कळवावे. उत्तरे येतात त्यांचे प्रकार ठरलेले आहेत. कोणी मुलीचे लग्न कळविते, कोणी मुलाची परदेशगमनाची वार्ता, कोणी यजमानांची बढती. एखादी प्राध्यापिका आपला प्रबंध मान्य झाल्याचे लिहिते, एखादी बँकेतून निवृत्त झाल्याचे. हे सारे छापण्याजोगे असते आणि आम्ही ते आनंदाने छापतो. पण सर्वांत अधिक येणारे उत्तर यांपैकी कोणतेच नव्हे. ते दोन शब्दांचे असते: ‘विशेष नाही.’ आणि ज्या बाई एके वर्षी ‘विशेष नाही’ असे लिहितात, त्या दुसऱ्या वर्षी बहुधा लिहीतच नाहीत. तिसऱ्या वर्षी पाकीट परत येते. गाव सोडून गेल्याचा टपालखात्याचा शेरा त्यावर असतो. वहीतली नावे हरवतात ती अशी. बदली हे निमित्त असते. खरे कारण असे की, आपल्याकडे कळविण्यासारखे काही नाही असे त्या बाईंनी स्वतःशी ठरवून टाकलेले असते.

माजी विद्यार्थिनींचे वृत्त म्हणजे नेमके काय, हा विचार आमच्या कितीतरी आधी एका बाईंनी केला होता. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८५० साली स्त्रियांसाठी वैद्यक महाविद्यालय निघाले. बायकांस वैद्यक शिकविणे म्हणजे पैसा व श्रम पाण्यात घालणे. त्या लग्न करतील आणि शिकलेले विसरून जातील, असा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जाई. १८७४ पासून रेचल बॉडली या तेथील डीन होत्या. विषयाने त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. तेव्हा आक्षेपास वक्तृत्वाने उत्तर देण्यापेक्षा परीक्षण करून पाहावे, हे त्यांच्या स्वभावास धरूनच होते. १८७५ साली महाविद्यालयात माजी विद्यार्थिनींचा संघ स्थापन झाला आणि १८८१ साली बॉडलीबाईंनी हयात असलेल्या सर्व माजी विद्यार्थिनींस एक प्रश्नावली धाडली. आपण कोठे आहात? वैद्यकी करता काय? तिच्यातून प्राप्ती किती होते? आणि पत्नी व माता म्हणून आपल्या संसारावर या व्यवसायाचा काय परिणाम झाला? आलेल्या उत्तरांचा गोषवारा त्यांनी त्याच वर्षीच्या पदवीदानाच्या भाषणात मांडला. उत्तरे देणाऱ्यांपैकी बहुतेक जणी व्यवसाय करीत होत्या. महाविद्यालय टिकावे की बंद पडावे या वादात या पत्रांनी साक्ष दिली. आपले वृत्त किरकोळ आहे असे समजून त्यांतील निम्म्या जणींनी उत्तर दिले नसते, तर ती साक्ष निम्म्याने दुबळी झाली असती.

याच बॉडलीबाईंच्या महाविद्यालयात १८८३ साली कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी दाखल झाली. माहेरचे नाव यमुना, सासरचे आनंदी. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने वारल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती, पण तेथे त्या कधी रुजू होऊ शकल्या नाहीत. माजी विद्यार्थिनी म्हणून त्यांच्या वाट्यास पुरते एक वर्षही आले नाही. आमच्यासारखीने वार्तापत्र काढले असते तर त्यात एका ओळीची नोंद आली असती, आणि तीही काळ्या चौकटीत.

परंतु बॉडलीबाईंनी नोंद करून वही मिटली नाही. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेस आल्या होत्या. त्यांनी भारतातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यास बॉडलीबाईंनी प्रस्तावना लिहून दिली, आणि आनंदीबाईंची हकीकत त्या प्रस्तावनेतून अमेरिकन वाचकांपुढे गेली. पुस्तक १८८७ साली निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाईंच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. १८८८ साली बॉडलीबाई वारल्या. पुढे जे उभे राहिले ते त्यांनी पाहिले नाही.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले. तेथे शिकावयास आलेली पहिली विधवा म्हणजे देवरुखच्या जोश्यांची गोदू. ११ मार्च १८९३ रोजी, सदन पुण्यास आल्यानंतर, या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. तांदळांवर नवे नाव लिहिले गेले तेही आनंदीच. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्यास गेला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. आनंदीबाईंची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमातच शिकली, आश्रमाच्याच कामास लागली, आणि १९१८ साली वर्गणी गोळा करण्यासाठी अमेरिकेस गेली. विद्यापीठाने आपल्या पदवीस नाव दिले ‘गृहीतागमा’, आणि १९२० पासून त्या विद्यापीठाने स्वतः जे नाव धारण केले तेही एका आईचेच: देणगीदार सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे.

एका प्राध्यापिकेने माजी विद्यार्थिनीची आठवण ठेवली म्हणून हे सारे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रमाबाईंचे कर्तृत्व स्वयंभू होते आणि अण्णासाहेब कर्व्यांची चिकाटीही. तथापि फिलाडेल्फियाच्या वहीतले एक नाव मृत्यूनंतरही पुसले गेले नाही आणि त्या नावामागून माणसे एकमेकांस भेटत गेली, एवढे निश्चित म्हणता येईल. त्या महिला विद्यापीठाच्या पदवीधर कमलाबाई देशपांडे यांनी पुढे आपल्या आत्मकथेस ‘स्मरणसाखळी’ असे नाव दिले. वही घेऊन बसलो की आम्हांस तो शब्द आठवतो. साखळीत कोणती कडी मोठी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आता आमच्या वहीतली एक हकीकत सांगतो. संबंधित बाईंची अनुमती आहे. नाव मात्र त्यांनी देऊ नये म्हटले म्हणून देत नाही. रसायनशास्त्र घेऊन त्या आपल्या वर्षी पहिल्या आल्या होत्या. त्यांच्या रकान्यात नऊ पत्ते खोडलेले होते आणि दहाव्यावरून पाकीट परत आले होते. अकरा वर्षे त्यांचा ठावठिकाणा नव्हता. मध्य प्रदेशातल्या एका शहरी महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवास गेलो असता, आमच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही शेजारच्या बाईंस विचारले, ‘आपलं माहेरचं नाव काय?’ परप्रांतात हा प्रश्न विचारला की चेहऱ्यावर जो उजाळा येतो तो अन्य कोणत्याही प्रश्नाने येत नाही. त्या बाई आमच्या नव्हत्या. पण त्यांच्या नात्यातल्या एक जण आमच्या महाविद्यालयात शिकलेल्या निघाल्या, आणि त्या याच.

आम्ही त्यांस पत्र घातले. उत्तर आठ दिवसांत आले. ‘आपण एवढा शोध घेतलात याबद्दल आभारी आहे. परंतु माझे नाव कमी करावे. ह्यांच्या चौदा बदल्या झाल्या. मला नोकरी करता आली नाही, पुढे शिकता आले नाही. महाविद्यालयास अभिमान वाटावा असे मजकडे काही नाही.’

हे पत्र आमच्या टेबलावर पुष्कळ दिवस पडून होते. त्यांची विनंती स्पष्ट होती, आणि कोणाचे नाव तिच्या इच्छेविरुद्ध ठेवण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. त्यांस धीर देणारी चार वाक्ये लिहिता आली असती; गृहिणीपदाचा गौरव करणारे उतारे काही कमी नाहीत. पण ज्या बाईंनी इतक्या सरळपणे लिहिले त्यांस असे काही लिहिणे आम्हांस उद्धटपणाचे वाटले. प्रयोगशाळेत जो हात स्थिर होता त्यास काम मिळाले नाही, ही हानी खरीच होती. ती हानी नव्हेच असे सांगून भरून निघणार नव्हती.

शेवटी आम्ही एवढेच विचारले: ‘आपले नाव कमी करण्यापूर्वी एक मदत हवी आहे. आपल्या वर्गातील कोणाचे पत्ते आपणास ठाऊक आहेत काय?’

या खेपेस उत्तरास महिना लागला, आणि आले ते जाडजूड पाकीट. त्यात सात पत्ते होते. त्यांपैकी पाच आमच्या वहीत नव्हते. प्रत्येक नावापुढे माहेरचे नाव, सासरचे नाव, मुलांची नावे आणि चालू मुक्काम व्यवस्थित लिहिलेला होता. बाईंनी वर्गातल्या सात जणींस गेली तेहेतीस वर्षे दर दिवाळीस पत्र लिहिले होते, आणि दर बदलीनंतर नवा पत्ता त्या सात जणींस सर्वांआधी कळविला होता. आम्ही अकरा वर्षे ज्यांना हरवलेल्या समजत होतो, त्यांच्याजवळ त्यांच्या वर्षापुरती आमच्याहून चांगली वही होती. पाकिटाच्या शेवटी एक ओळ होती: ‘माझे नाव तूर्त राहू द्यावे, यांच्यापैकी कोणी विचारले तर.’

त्या पाच जणींपैकी एक गुवाहाटीस आहेत, एक भोपाळला, एक बडोद्यास, दोघी दिल्लीस. दिल्लीच्या दोघी एकमेकींपासून तीन मैलांवर राहतात आणि सहा वर्षे त्यांस याचा पत्ता नव्हता. आता त्या दर शनिवारी भेटतात.

तेव्हापासून आम्ही पत्राचा मसुदा बदलला आहे. ‘विशेष वृत्त कळवावे’ हे वाक्य काढून टाकले. आता आम्ही दोनच गोष्टी विचारतो: आपण कोठे आहात, आणि आपणास ठाऊक असलेली आणखी कोण कोठे आहे. उत्तरे पूर्वीच्या दुपटीने येतात. ज्यांस स्वतःबद्दल लिहावयाचा संकोच वाटतो त्या दुसरीबद्दल भरभरून लिहितात, आणि लिहिता लिहिता स्वतःबद्दलही दोन ओळी लिहून जातात.

हे मासिक महाराष्ट्राबाहेरच्या ज्या घरांतून जाते त्या घरांस बदली म्हणजे काय हे समजाविण्याची आवश्यकता नाही. हुकूम निघाला की खोकी बांधण्यापूर्वी एक यादी होते: बँक, गॅस, विमा, मुलांची शाळा, रतिबाचे दूध. नवा पत्ता कोणास कळवावयाचा तेही त्याच कागदावर लिहिले जाते. त्या यादीत महाविद्यालयाचे नाव घालावे, एवढीच विनंती आहे. मग ते महाविद्यालय पुण्याचे असो, मुंबईचे, नागपूरचे वा आणखी कोठले, आणि बदली यजमानांची असो की बाईसाहेबांची स्वतःची. पोस्टकार्ड पुरेल. माहेरचे नाव आधी लिहावे, कारण आम्ही शोधतो ते त्या नावाने. खाली आपला पत्ता लिहावा, आणि जमल्यास आणखी एकीचा.