दिवाणाचा पाय निखळला, जबाबदार कोण?

आम्ही हुंडा देत-घेत नाही. पण लेकीला दिवाण-कपाट देण्याची रीत काही सुटत नाही. पुतणीला आम्ही दिलेल्या लोखंडी दिवाणाचा पाय चार महिन्यांत वेल्डिंगपासून निखळला आणि तिच्या सासूबाईंचे मनगट मोडले. बिल घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, "माल कोणी बनवला ठाऊक नाही. आणि बिल तुमच्या नावाचे, पडल्या त्या बाई. त्यांचा काय संबंध?"

संबंध आहे! २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात, घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच. आणि बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, तर सदोष मालाने झालेल्या इजेची भरपाई विकणाऱ्याकडे मागता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागतोच असे नाही. विचारपूस १९१५ या फोनवर होते.

दुकानदार मोडका पाय "जोडून देतो" म्हणून मागत होते. बंधू-भगिनींनो, असा तुकडा कधी देऊ नका, तोच पुरावा! आमचा दवाखान्याच्या कागदांसोबत पोत्यात बांधून ठेवला आहे. तक्रारीचा मसुदा या रविवारी लिहायला बसणार आहोत.