घरपट्टीची थकबाकी आणि डालड्याचा डबा

कोकणातल्या बंद घरांवर लिहायला बसलं की माणूस फार लवकर हळवा होतो. अंगणातली तुळस, गळकं माजघर, आजोबांनी लावलेलं हापूसचं कलम वगैरे वगैरे. मी या वीकेंडला त्यातलं काहीच लिहिणार नाहीये. मी घरपट्टीबद्दल लिहिणार आहे. विषय कंटाळवाणा आहे, मान्य. :) पण तुमच्या-माझ्या घरात येत्या काही वर्षांत "गावचं घर काढून टाकूया का?" हा प्रश्न कधीतरी निघणारच, आणि तेव्हा पहिला कागद हाच लागतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला, माझ्या मावशीचं रत्नागिरीतलं घर विकायचं ठरलं. शहरातल्या एका जुन्या आळीत, कौलारू, मागे विहीर, चार माणसांना पुरेल एवढं. मावशीचे यजमान (आमचे काका) २०१७ साली गेले. त्यानंतर ती मुलीकडे पुण्याला आली आणि घराला कुलूप लागलं. घर काकांच्या वडिलांच्या नावावर होतं. ते १९९४ साली वारले. म्हणजे मालक कोण, तर मावशी आणि तिची मुलगी, मावशीचे दीर (डोंबिवलीला असतात) आणि नणंद (सांगलीला). वारस नोंद कोणी कधी केलीच नव्हती, कारण तशी गरज कोणाला पडली नव्हती. घरात राहणारे राहत होते, बाकीचे गणपतीला येत होते.

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. तिथलंच एक शिक्षक जोडपं. व्यवहार साठ लाखांच्या आसपास. बँकेचं कर्ज घेणार होते, म्हणून बँकेनं कागद मागितले: मालमत्ता पत्रक, असेसमेंटचा उतारा, घरपट्टीची शेवटची भरलेली पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला. मावसबहिणीनं सगळे कागद मोबाईलवर फोटो काढून मला पाठवले. आमच्या नातेवाइकांत असा एक समज आहे की कॉम्प्युटरमधला माणूस म्हणजे जगातला कुठलाही फॉर्म भरू शकणारा माणूस. असो.

त्यात घरपट्टीची शेवटची पावती होती २०१६-१७ सालची.

इथे थोडं गणित करू. या घराची घरपट्टी वर्षाला साधारण २,६०० रुपये. शिक्षण कर, वृक्ष कर असले छोटे छोटे कर धरून. पुण्या-मुंबईत आपण एका शनिवारी रात्री हॉटेलात एवढं बिल करतो. आठ वर्षं भरली नाही, तर झाले २०,८०० रुपये. इथपर्यंत ठीक. पण नगरपरिषदेच्या हद्दीत थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. महिन्याला, वर्षाला नाही. म्हणजे वर्षाचे २४ टक्के. पहिल्या वर्षाच्या बिलावर सात वर्षांची शास्ती, दुसऱ्यावर सहा वर्षांची, असं करत ढोबळमानानं आणखी १७,५०० च्या आसपास. एकूण ३८,००० च्या वर. याच गतीनं दहा वर्षं गेली की शास्ती मूळ करालाही मागे टाकते. आमच्या धंद्यात टेक्निकल डेट म्हणतात ना, अगदी तसं. आज करायचं दहा मिनिटांचं काम ढकललं की ते जागेवर पडून राहत नाही, वाढत राहतं.

घर बंद आहे म्हणून घरपट्टी आपोआप थांबत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कर घरावर असतो, घरात रोज दिवा लागतो की नाही यावर नाही. बिल निघतं, मग मागणीची नोटीस निघते आणि कायद्यात त्यापुढे जप्तीचं वॉरंटही आहे. बिल कोणाच्या नावानं? असेसमेंटच्या रजिस्टरला जे नाव आहे त्याच्या. इथे ते १९९४ साली वारलेल्या गृहस्थांचं होतं. कुलूप लावलेल्या दाराशी, हयात नसलेल्या माणसाच्या नावानं, आठ वर्षं.

(रत्नागिरीत आणखी एक गंमत आहे. "रत्नागिरीत घर आहे" असं सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची घरं नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव इथे असतात. ती शहराला चिकटून असली तरी ग्रामपंचायतीत येतात. तिथली घरपट्टी वेगळी, तिथले दर आणि दंडाचे नियमही वेगळे. तुमचं घर नक्की कोणाच्या दप्तरात आहे हे आधी बघा, मग फोन करा.)

आता मुख्य प्रश्न. थकलेली घरपट्टी असताना घर विकता येतं का? येतं. व्यवहार त्यामुळे आपोआप रद्द वगैरे काही होत नाही. मग भरायची कोणी? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात हे सरळ लिहिलं आहे. वेगळा करार नसेल, तर विक्रीच्या तारखेपर्यंतचे सगळे सरकारी देणे विकणाऱ्याचे, आणि मालकी गेल्यानंतरचे घेणाऱ्याचे. एकशे चाळीसपेक्षा जास्त वर्षं जुना नियम आहे आणि कोणाचाही त्याच्याबद्दल वाद नसतो. वाद होतो तो विकणारा पैसे घेऊन निघून गेल्यावर.

आणि इथे घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वकील तीस वर्षांचा सर्च घेतात, आपण त्यांची फी भरतो आणि निश्चिंत होतो. पण सर्च घेतला जातो नोंदणी झालेल्या दस्तांचा: खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र. घरपट्टीची थकबाकी हा दस्त नाही. ती कुठल्याही सब-रजिस्ट्रारकडे नोंदवली जात नाही. सर्च रिपोर्ट लख्ख असू शकतो आणि कर विभागाच्या खिडकीवर पन्नास हजार बाकी असू शकतात. दोन वेगवेगळे डेटाबेस, आणि मध्ये जॉइन नाही.

यावर सुप्रीम कोर्टाचा १९७१ सालचा एक निकाल आहे, अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध हाजी अब्दुलगफूर. दिवाळखोरीत गेलेल्या माणसाचं घर लिलावात एकानं विकत घेतलं, आणि पालिकेनं जुन्या मालकाच्या थकलेल्या करासाठी ते घर जप्त करायला घेतलं. पालिकेचा मुद्दा असा, की कायद्यानं कराचा बोजा घरावरच असतो, मग घर कोणाकडेही जावो. हा कायदा म्हणजे मुंबई प्रांताचा १९४९ चा. आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावानं पुण्याला लागू आहे तोच. कोर्टानं घेणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. ज्याला थकबाकीची माहिती नव्हती अशा खरेदीदाराच्या हातातल्या मालमत्तेवर तो बोजा वसूल करता येत नाही, आणि घेणाऱ्याला हे माहीत असणारच असं सरसकट धरता येत नाही, असं म्हटलं.

हे वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं. मग लक्षात आलं, हा निकाल मिळायला त्या माणसाला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं! शिवाय तिथे घर दिवाळखोरीतल्या रिसीव्हरच्या ताब्यात होतं, कर भरला गेला असेल असं समजायला जागा होती. तुम्ही दहा मिनिटांवरच्या कचेरीत साधी चौकशी न करता घर घेतलंत, तर न्यायाधीश तेवढेच कनवाळू असतील कशावरून? त्यापेक्षा खिडकीवर जावं. (लाइट बिलाचं तर आणखी अवघड. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात सांगितलं, की जुन्या मालकाची विजेची बाकी भरल्याशिवाय नवं कनेक्शन देणार नाही अशी अट वीज कंपनीला घालता येते. पाणीपट्टीची चौकशीही स्वतंत्र करा.)

कायदा इतका सोपा होता. घरातलं प्रकरण सोपं नव्हतं.

३८,००० हा आकडा मावसबहिणीनं फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि मावशीच्या दिरांचा मेसेज आला: "वहिनी राहत होत्या ना तिथे? मग ते त्यांच्या हिश्श्यातून जावेत." साठ लाखांच्या व्यवहारात अडतीस हजार म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. पण त्या एका ओळीनं मावशी दोन दिवस नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं कपाटातून डालड्याचा जुना पिवळा डबा काढला. आत घरपट्टीच्या पावत्या. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासूनच्या नाहीत, पण सासरे गेल्यानंतरच्या, १९९४-९५ ते २०१६-१७, एकही वर्ष सुटलेलं नाही. सुरुवातीच्या पावत्या हातानं लिहिलेल्या, शाई उडालेल्या. नंतरच्या प्रिंटरच्या. तेवीस वर्षं मावशी आणि काकांनी एकट्यानं भरली होती, आणि दिरांना किंवा नणंदेला कधी एक रुपया मागितला नव्हता. बाकीच्यांनी कधी विचारलंही नव्हतं. २०१७ नंतर ती राहतच नव्हती, तेव्हा "राहत होत्या ना" हा मुद्दा या आठ वर्षांना लागूच होत नव्हता.

बहिणीनं मला विचारलं, "हे सगळे पैसे आईला परत मागता येतील का?" मी शोधलं आणि ओळखीच्या वकिलांनाही विचारलं. १८७२ च्या करार कायद्यात ६९ वं कलम आहे. दुसऱ्यानं भरायचं देणं, त्यात तुमचा संबंध आहे म्हणून तुम्ही भरलंत, तर ते तुम्हाला परत मिळायला हवं. आणि कलमाखाली दिलेलं उदाहरण काय आहे? बंगालमधला जमीनदार सारा थकवतो, जमीन लिलावाला निघते, आणि ती वाचवायला कुळ पैसे भरतं. जमीनदारानं ते परत करायचे. म्हणजे हा प्रश्न इतका जुना आहे की कायदा लिहिणाऱ्यांना हेच उदाहरण सुचलं. पण त्याला मुदतीचा कायदाही लागतो: भरल्या तारखेपासून साधारण तीन वर्षं. डब्यातली शेवटची पावती आठ वर्षांपूर्वीची. कोर्टाच्या हिशेबात तो डबा रिकामा होता.

आणखी एक कडू गोष्ट. त्या पावत्यांनी मालकीही सिद्ध होत नाही. असेसमेंटला नाव कोणाचं आणि कर कोण भरतो, ही नोंद वसुलीसाठी असते. त्यानं कोणी मालक होत नाही आणि कोणाची मालकी जातही नाही, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मला हा नियम पटतो. नाहीतर गावात राहिलेल्या एका भावानं गुपचूप घरपट्टी भरून मुंबईच्या भावांना आणि सासरी गेलेल्या बहिणींना उडवून लावलं असतं. बरोबर नियम आहे. मावशीच्या बाबतीत तो अन्यायाचा वाटला, तरी बरोबर आहे.

मी हे सगळं बहिणीला फोनवर सांगितलं. तिनं पावत्यांची बेरीज केली (कर पूर्वी फारच कमी होता, तेवीस वर्षांचे मिळून ३१,००० च्या आत) आणि काही न लिहिता सगळ्या पावत्यांचा एक फोटो ग्रुपवर टाकला. दहा दिवस ग्रुप गप्प. त्यात दोन सुप्रभात आणि एक सुविचार, तेवढंच. मग सांगलीहून नणंदेचा फोन आला, मावशीला नाही, डोंबिवलीला. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी तिचा ग्रुपवर मेसेज: "वहिनीनं इतकी वर्षं भरलं. ही आठ वर्षं आम्ही दोघं भरू." दिरांनी त्यावर एक अंगठा टाकला. आमच्या घरातली माफी साधारण अशीच असते.

पुढचं काम तसं यांत्रिक होतं. आधी वारस नोंद. मग साठेखतात स्पष्ट कलम घातलं: घरपट्टी आणि पाणीपट्टीची आजवरची बाकी, किती ती आकड्यात, घेणार थेट खिडकीवर भरतील, पावती विकणाऱ्यांच्या नावे घेतील, आणि तेवढी रक्कम दोघांच्या हिश्श्यातून वळती होईल. विकणाऱ्याला आधी खिशातून घालावे लागत नाहीत, आणि घेणाऱ्याला "भरतो हो नक्की" यावर विसंबावं लागत नाही. मार्च २०२५ मध्ये पैसे भरले, दाखला मिळाला, बँकेचं काम हललं.

आणि मे २०२५ मध्ये राज्य सरकारनं नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या थकबाकीदारांसाठी शास्तीत सवलत देणारी अभय योजना आणली! मूळ कर माफ नाही, पण शास्तीत सूट मिळण्याची सोय. दिरांचा लगेच मेसेज: "दोन महिने थांबायला हवं होतं." खरं सांगायचं तर मला या अभय योजना आवडत नाहीत. दरवर्षी वेळेवर भरणाऱ्यानं तेवीस पावत्या जपायच्या, आणि सूट न भरणाऱ्याला. पण तुमच्या घराची बाकी असेल तर तत्त्व बाजूला ठेवा आणि अशी सवलत सध्या चालू आहे का ते आधी विचारा. आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल तर सवलतीची वाट बघत बसू नका, बँकेच्या मंजुरीलाही मुदत असते.

खरेदीखताच्या दिवशी शिक्षकबाईंनी मावशीकडे जुन्या पावत्या मागितल्या, फाईलला असाव्यात म्हणून. मावशीनं २०१६-१७ ची एक आणि नवी थकबाकीची पावती दिली. बाकीच्या परत डब्यात. असेसमेंटला नव्या मालकांचं नाव लागायचा अर्ज त्याच आठवड्यात गेला, पण त्या वर्षीचं बिल तोवर छापून झालं होतं. ते मावशीच्या सासऱ्यांच्याच नावानं आलं. शिक्षकबाईंनी फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "भरलं हं."